खिडक्या बदलायचं कोटेशन आलंय, पण रेट बरोबर आहे का? हे तपासायचं कसं

घर एकच, खिडक्या त्याच सात, कोटेशनं तीन. सगळ्यात स्वस्त आकडा १०० धरला तर दुसरं होतं १३८ आणि तिसरं १९०. आमच्याकडे खिडक्या बदलायचं ठरलं तेव्हा हे असं झालं, आणि घरात पहिला विचार जो सगळीकडे होतो तोच झाला, की स्वस्तवाल्याचं काहीतरी गडबड आहे, महागवाला लुटतोय, तर मधल्याला काम देऊन मोकळे होऊ. सुदैवाने दिलं नाही. एका संध्याकाळी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली तेव्हा कळलं की तिघांनी तीन वेगळ्याच खिडक्यांचे भाव दिलेत. एकाची काच ४ मिमीची साधी, दुसऱ्याची ५ मिमीची टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, तिसऱ्याची डबल ग्लास, म्हणजे मधे पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा. एकाने जुनी चौकट काढायचं धरलंच नव्हतं. एकाने मच्छरजाळी धरली होती, बाकी दोघांनी नाही. मग यातलं स्वस्त कुठलं आणि महाग कुठलं हे सांगणार कसं?

म्हणून रेट योग्य आहे का हा प्रश्न नंतरचा. आधी सगळ्यांना एकाच खिडकीचा भाव विचारायचा. तेवढं काम तुम्ही केलंत की निम्मं कोडं तिथेच सुटतं, आणि ते काम तुमच्यासाठी दुसरं कोणी करणार नाही. इथे मी पैशांचे आकडे देणार नाही, कारण ते गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, पण तपासायची पद्धत कुठेही तीच राहते.

सुरुवात मेजरिंग टेपने

कोणालाही बोलवायच्या आधी स्वतः माप घ्या. अगदी मिलिमीटरपर्यंत अचूक नसलं तरी चालतं, फायनल माप काम करणाराच घेईल आणि ती जबाबदारी त्याचीच असली पाहिजे, पण तुमच्याकडे स्वतःचा आकडा असला की समोरच्याचा आकडा पडताळता येतो. रुंदी तीन ठिकाणी घ्या, वर, मधे, खाली. उंची पण तीन ठिकाणी, डावीकडे, मधे, उजवीकडे. तिन्हीतलं सगळ्यात कमी धरा. मग कोनाकोनी माप घ्या, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट. दोन्ही कर्ण सारखे आले तर भिंतीतली जागा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, नाहीतर तिरकी आहे.

आमच्याकडे पहिला माणूस आला त्याने प्रत्येक खिडकीला एकदा आडवा टेप लावला, एकदा उभा, सात खिडक्या दहा मिनिटांत उरकल्या आणि गेला. दुसरा आला त्याने पहिल्याच खिडकीवर कर्ण मापले, ११ मिमीचा फरक निघाला, ओळंबा लावून दाखवलं की डावी बाजू आत झुकलीय, आणि म्हणाला इथे फट सगळीकडे सारखी राहणार नाही, एका बाजूचं प्लॅस्टर थोडं छाटावं लागेल, ते मी धरतोय. त्याचं कोटेशन पहिल्यापेक्षा जास्त होतं पण का जास्त आहे ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. माप घ्यायला आलेला माणूस कसं माप घेतो ते उभं राहून बघाच, त्याच्या कामाचा पहिला नमुना तिथेच मिळतो.

कागदावर प्रत्येक खिडकीचं साधं चित्र काढा, आतून बघितल्यावर दिसते तसं, आणि नंबर द्या. कुठला पल्ला उघडतो, कुठल्या बाजूला, सरकती की बिजागरीची, जाळी हवी का, हे चित्रावरच लिहा. मग क्षेत्रफळ काढा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, हे लक्षात असू द्या कारण एक जण मीटरमध्ये रेट देईल आणि एक फुटात.

आता मापाच्या राउंडिंगकडे बघा, इथे बराच पैसा गुपचूप जातो. समजा खिडकी ४९ इंच बाय ४९ इंच आहे. खरं क्षेत्रफळ येतं १६.६७ चौरस फूट. पण बरेच जण माप पुढच्या अर्ध्या फुटावर नेतात, म्हणजे साडेचार बाय साडेचार, आणि बिल लावतात २०.२५ चौरस फुटाचं. रुंदीत आणि उंचीत ५-५ इंच वाढवले आणि क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. रेट स्वस्त वाटत असतो आणि बिल मात्र महाग येतं ते यामुळे. थोडं राउंडिंग व्यवहारात चालतं, कारण काच आणि सेक्शन, म्हणजे चौकट-पल्ल्याच्या लांब पट्ट्या, कापताना तुकडे वाया जातातच, पण ते किती हे आधी विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. तसंच काही जणांचं मिनिमम बिलिंग असतं, म्हणजे खिडकी कितीही छोटी असली तरी अमुक चौरस फुटाचे पैसे लागणारच. बाथरूमच्या झरोक्याला हे हमखास लागतं.

बदलायलाच पाहिजे का, हे आधी

हा मुद्दा कोणी विक्रेता स्वतःहून काढत नाही, म्हणून मी काढतो. सरकती खिडकी जड झाली असेल तर बऱ्याचदा फक्त खालचे रोलर झिजलेले असतात. वारा येत असेल तर रबर कडक होऊन आक्रसलेलं असतं. डबल ग्लासच्या मधे धुकं साठलं असेल, आतून बाहेरून कितीही पुसलं तरी जात नसेल, तर काचेच्या कडेचं सील गेलंय, आणि चौकट ठणठणीत असेल तर फक्त काचेचं युनिट बदलून काम होतं. पाणी आत येत असेल तर आधी खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बघा, ती मातीने बुजलेली असतात, एका काडीने साफ केली की पाणी थांबलं असं पण होतं. लाकडी चौकट कुजली असेल, चौकट वाकली असेल, पल्ला कडीला बसतच नसेल, तर मात्र बदला.

आमच्या सातपैकी दोन खिडक्या अशा दुरुस्तीत निघाल्या. ज्याने हे सांगितलं त्याचं कोटेशन एकदम छोटं झालं, स्वतःचं नुकसान करून त्याने ते सांगितलं होतं, आणि शेवटी काम त्यालाच मिळालं.

सगळ्यांना एकच मेसेज

आता तुमच्याकडे माप आहे, चित्र आहे, किती खिडक्या बदलायच्या ते ठरलंय. तीन-चार जणांना अगदी सारखाच मेसेज पाठवा, फोनवर तोंडी सांगू नका, कारण तोंडी सांगितलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचं ऐकतो. मी पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार. पाच खिडक्या बदलायच्या आहेत, माप आणि चित्र सोबत आहे. प्रत्येक खिडकीची किंमत वेगळी लिहा, नुसती टोटल नको. सेक्शनचं नाव आणि जाडी, काचेचा प्रकार आणि जाडी, रोलर, बिजागरी आणि लॉक कुठलं, जाळी कुठली, हे लिहा. जुनी चौकट काढणं, मलबा नेणं, फिटिंग, फोम, सिलिकॉन, कडेचं प्लॅस्टर, वाहतूक आणि टॅक्स धरलाय की नाही ते प्रत्येकापुढे लिहा. वॉरंटी कशावर किती ते लिहा. कोटेशन किती दिवस लागू राहील आणि काम किती दिवसांत होईल ते पण लिहा."

आधीच्या तिघांखेरीज ज्यांना नव्याने विचारलं त्यातल्या दोघांनी या मेसेजवर उत्तरच दिलं नाही, एकाने तरीही एका ओळीत टोटल पाठवली. चांगलंच झालं, एवढं लिहायची ज्याची तयारी नाही त्याच्याशी नंतर वाद घालत बसण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

छोटी खिडकी महाग का पडते

कोटेशनं आली की पहिला धक्का हा बसतो की छोट्या खिडकीचा चौरस फुटाचा रेट मोठीपेक्षा बराच जास्त असतो. ही लूट नाही, हिशोब करून बघा. २ बाय २ फुटांची खिडकी, क्षेत्रफळ ४ चौरस फूट, चौकटीचा घेर ८ फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे २ फूट सेक्शन. ५ बाय ४ ची खिडकी, क्षेत्रफळ २०, घेर १८, म्हणजे चौरस फुटामागे ०.९ फूट. छोट्या खिडकीत सेक्शन दुपटीहून जास्त लागतो, शिवाय कोपरे तेवढेच चार, लॉक तेवढंच, कारागिराची मेहनत जवळपास तेवढीच. म्हणून सगळ्या खिडक्यांना एकच सपाट रेट लावलेला कागद दिसला तर मला उलट शंका येते, कारण मग कुठेतरी सरासरी मारलीय, आणि तुमच्या घरात मोठ्या खिडक्या जास्त असतील तर ती सरासरी तुमच्या विरुद्ध जाते.

तुलना करताना खिडकी नंबर एक विरुद्ध खिडकी नंबर एक अशी करा. टोटलवर जाऊ नका. एका वहीत आडवी नावं, उभ्या खिडक्या, असा तक्ता करा. आमच्या तक्त्यात दोघांचे भाव चार खिडक्यांना जवळजवळ सारखे होते आणि पाचव्या, हॉलच्या मोठ्या खिडकीला एकदम मोठा फरक. विचारल्यावर कळलं की एकाने दोन पल्ले धरलेत, दुसऱ्याने तीन ट्रॅक, तीन पल्ले आणि त्यातला एक जाळीचा. फरकाचं कारण असं एका वाक्यात सापडलं पाहिजे. सापडत नसेल तर विचारत राहा.

पैसा नक्की कुठे लपतो

ॲल्युमिनियम असेल तर सेक्शनची जाडी. बाहेरून १.२ मिमीचा आणि २ मिमीचा सेक्शन सारखाच दिसतो, पावडर कोटिंग मारल्यावर तर अजिबात ओळखू येत नाही, पण दुसऱ्यात धातू दीडपटीहून जास्त आहे. म्हणून कापलेला तुकडा मागा आणि त्याची भिंत कॅलिपरने मोजा, किंवा एक मीटर सेक्शनचं वजन किती ते विचारा. सेक्शन बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये वजन दिलेलं असतं, त्यामुळे हा प्रश्न अवघड नाही. पावडर कोटिंग साधारण ६० ते ८० मायक्रॉन असावं. कोटिंगची वॉरंटी वेगळी मागा, समुद्राजवळ राहत असाल तर नक्कीच मागा.

ॲल्युमिनियममधून उष्णता फार सहज जाते, त्यामुळे कडक थंडी किंवा सतत एसी असलेल्या ठिकाणी थर्मल ब्रेकवाले सेक्शन विकतात, म्हणजे आतला आणि बाहेरचा धातू मधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने तोडलेला असतो. ते महाग असतात आणि ते महाग असणं रास्त आहे. पण कोटेशनमध्ये थर्मल ब्रेक लिहिलाय आणि दाखवलेल्या तुकड्यात ती पट्टीच दिसत नाही, असं असेल तर थांबा.

यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची चौकट असेल तर दोन गोष्टी. बाहेरून दिसणाऱ्या भिंतीची जाडी, युरोपियन मानकात ए क्लासला ती किमान २.८ मिमी आणि बी क्लासला २.५ मिमी असते. आणि आतली लोखंडी पट्टी. यूपीव्हीसी एकटं मोठ्या लांबीला वाकतं, म्हणून आत गॅल्व्हनाइज्ड स्टील घालतात. खर्च वाचवायला काही जण ते पातळ घालतात, फक्त चौकटीत घालून पल्ल्यात घालत नाहीत, किंवा कोपऱ्यापासून कितीतरी आधीच संपवतात. सुरुवातीला काही कळत नाही, काही वर्षांनी पल्ला मधे फुगतो आणि कडी बसत नाही. स्टील कुठे कुठे आहे, किती मिमीचं आहे, हे कोटेशनवर लिहिलेलं असलंच पाहिजे.

काचेचं गणित सोपं आहे. १ मिमी जाडीची १ चौरस मीटर काच म्हणजे अडीच किलो. ५ मिमीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो, दोन काचांचं युनिट असेल तर २५ किलो. आता १.२ बाय १.५ मीटरची खिडकी घ्या, डबल ग्लासमध्ये नुसती काचच ४५ किलोच्या आसपास जाते. हे मी का सांगतोय, तर हे वजन रोलर आणि बिजागऱ्यांवर येतं. काच भारी दाखवून हार्डवेअर हलकं टाकलं की खिडकी दोन वर्षांत जड होते आणि दोष वापरणाऱ्यावर ढकलला जातो. रोलरची किंवा बिजागरीची वजन पेलायची क्षमता किती किलो ते विचारा आणि आपल्या पल्ल्याच्या वजनाशी जुळवून बघा.

टफन काच सांगितली असेल तर साधारण प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असतो, फिटिंगच्या दिवशी तो बघा. टफन केल्यावर काच कापता येत नाही, त्यामुळे "साइटवर कापून बसवतो" असं कोणी म्हणत असेल तर ती टफन नाही. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा थर, बहुतेक वेळा ०.३८ मिमीच्या पटीत, फुटली तरी तुकडे चिकटून राहतात आणि आवाज पण थोडा अडतो. खाली जमिनीपर्यंत येणारी खिडकी, दाराशेजारची काच, लहान मुलांच्या खोलीतली काच, इथे साधी काच धरून कोटेशन स्वस्त केलं असेल तर ते कोटेशन मी सरळ बाजूला ठेवेन.

डबल ग्लास आणि लो-ई कोटिंगचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या अगदी पातळ थराचे, पैसे लावले असतील तर खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. अंधारात काचेसमोर लायटरची ज्योत किंवा मोबाइलचा बारीक दिवा धरा. दोन काचांच्या चार बाजू म्हणजे चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातल्या एकाचा रंग बाकी तिघांपेक्षा वेगळा दिसला तर लो-ई कोटिंग आहे. चारही सारखी दिसली तर बहुधा नाही, मग विचारा.

वीजबिल आणि आवाजाबद्दलच्या गोष्टी

महागड्या कोटेशनसोबत नेहमी एक वाक्य येतं, की एवढे पैसे वीजबिलातूनच वसूल होतील. उष्णता किती जाते ते यू-व्हॅल्यूने मोजतात, जितकी कमी तितकी चांगली. एकेरी काचेची साधारण ५.७, साध्या डबल ग्लासची २.८ च्या आसपास, लो-ई आणि आर्गॉन गॅस भरलेल्याची १.१ ते १.३. फरक मोठा आहे, खरा आहे. पण हे आकडे नुसत्या काचेच्या मध्यभागाचे असतात, चौकटीसकट अख्ख्या खिडकीचा आकडा बऱ्याचदा याहून वाईट असतो, आणि माहितीपत्रकात नेमका काचेचा छापलेला असतो. तेव्हा विचारा, हा आकडा काचेचा की पूर्ण खिडकीचा? उन्हाळा हाच मोठा त्रास असेल तर यू-व्हॅल्यूपेक्षा सोलर हीट गेनचा आकडा महत्त्वाचा, तो ० ते १ मध्ये असतो आणि कमी म्हणजे ऊन कमी आत. आणि घराची उष्णता छतातून, भिंतीतून, दाराच्या फटीतून पण जाते येते, खिडकी हा त्यातला एक भाग. त्यामुळे नुसत्या खिडक्या बदलून बिल अर्धं होईल असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ते लिहून द्यायला सांगा.

आवाजाचं पण तसंच. रस्त्याच्या आवाजासाठी बदलत असाल तर जाड काचेपेक्षा फट बंद होणं जास्त महत्त्वाचं. सरकत्या खिडकीच्या पल्ल्यांमध्ये ब्रशची पट्टी असते, तिथून आवाज येतोच. बिजागरीची खिडकी रबरावर दाबून बंद होते, म्हणून ती जास्त शांत. दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घेतल्या तर आणखी फरक पडतो. हे सगळं न सांगता सरकत्या खिडकीत फक्त डबल ग्लास टाकून आवाजमुक्त म्हणून विकत असतील तर त्या जादा पैशाला फारसा अर्थ नाही.

फिटिंग, जिथे स्वस्त कोटेशन महाग होतं

शेजाऱ्यांनी सगळ्यात स्वस्त कोटेशन घेतलं होतं. काम सुरू झालं आणि रोज एक नवीन गोष्ट निघायला लागली. जुनी चौकट काढायचे वेगळे. मलबा खाली न्यायचे वेगळे. भिंतीच्या कडा तुटल्या, त्याला प्लॅस्टर आमचं नाही. वरच्या मजल्याला परांची लागेल, ते धरलं नव्हतं. १०० च्या आकड्यावर सुरू झालेलं काम १३१ वर थांबलं आणि तोवर घराला दोन खिडक्यांच्या जागी प्लॅस्टिक लावलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, कारण त्यांनी विचारलं असतं तर हे सगळं आधी कळलं असतं.

दोन पद्धती असतात. एक, जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवीन बसवायची. स्वस्त, पटकन, धूळ कमी. पण उघडी जागा लहान होते, उजेड कमी होतो, आणि जुनी चौकट कुजलेली असेल तर रोग आतच राहतो. दुसरी, सगळं उखडून भिंतीपासून नवीन. महाग आणि पसारा खूप, पण भिंत आणि चौकटीमधली फट नीट बंद करता येते. एकाचं कोटेशन पहिल्या पद्धतीचं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या पद्धतीचं असेल तर तुलना करूच नका, आधी पद्धत एक करून घ्या.

चौकट आणि भिंतीमधे साधारण ५ ते १० मिमी फट सगळीकडे ठेवतात, कारण साहित्य उन्हात वाढतं. २ मीटर लांबीचं नुसतं पीव्हीसी ४० अंशांच्या फरकाला ५ ते ६ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम जेमतेम २ मिमी. फट अजिबात नसेल तर चौकट फुगते, आणि बोट जाईल एवढी मोठी असेल तर माप चुकलंय आणि ते सिलिकॉनने झाकणार आहेत. फटीत पीयू फोम, म्हणजे फुगून फट भरणारा फेस, त्यावर बाहेरून सिलिकॉन. फोम उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो. सिलिकॉन न्यूट्रल असलं पाहिजे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्तवालं धातूला आणि सिमेंटला मानवत नाही. चौकटीचे स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० ते २५० मिमीवर सुरू होऊन दर ६०० मिमीच्या आत असावेत. स्टेनलेस स्क्रूचे पैसे लावले असतील तर मॅग्नेट लावून बघा, ३०४ ग्रेडला तो जवळजवळ चिकटत नाही. खालच्या सिलला बाहेरच्या बाजूला उतार हवा, नाहीतर पाणी तिथेच थांबतं. हे शब्द कोटेशनमध्ये आले नसतील तर तुम्ही घाला आणि सही घ्या.

आता रेट रास्त की नाही

एवढं सगळं सारखं करून घेतलं की आकडे बहुतेक जवळ येतात. आमचे १००, १३८, १९० होते ते नवीन मेसेजनंतर, दुरुस्तीच्या दोन खिडक्या वगळून आणि सगळ्यात कमी आकडा पुन्हा १०० धरून, १००, १०९ आणि १२४ झाले. माझा ठोकताळा असा आहे, हा माझा स्वतःचा, कुठल्या पुस्तकातला नाही: पाच-दहा टक्क्यांचा फरक असेल तर पैशाकडे बघू नका, माणूस आणि काम बघा. वीस-पंचवीस टक्के जास्त मागत असेल तर कारण विचारा, बऱ्याचदा खरं कारण असतं, वॉरंटी जास्त, स्वतःची माणसं, लॉक चांगलं. बाकीच्यांपेक्षा पंचवीस टक्के कमी असेल तर त्याच्या कागदात काय नाहीये ते शोधा, हमखास काहीतरी सापडतं.

आणि ज्याने आधी मोठा आकडा सांगून लगेच चाळीस-पन्नास टक्के सूट दिली, ती पण फक्त आज रात्रीपर्यंत, त्याच्याशी बोलणं मी तिथेच थांबवतो. तुमच्या मापाची खिडकी ऑर्डरनंतर बनते, गोदामात पडून नसते, मग आज आणि परवा यात तिचा भाव निम्मा कसा होईल? साहित्याचे भाव बदलतात म्हणून कोटेशनला मुदत असणं ठीक आहे, पण ती दोन-चार आठवड्यांची असावी, घरातल्यांना विचारायला वेळ मिळेल इतकी. हप्त्यांवर देतो म्हणाले तर महिन्याचा हप्ता ऐकून हो म्हणू नका, सगळे हप्ते मिळून किती होतात ते काढा आणि रोख भावाशेजारी लिहा.

घासाघीस करायचीच तर "थोडं कमी करा" एवढंच म्हणू नका, त्याने माणूस कुठेतरी न दिसणारी गोष्ट कमी करतो, स्टील पातळ होतं, रोलर बदलतो. त्याऐवजी विचारा की कशामुळे कमी होईल. सगळ्या खिडक्या एकदम केल्या तर? हॉलमधला मधला भाग उघडणारा न ठेवता फिक्स काचेचा केला तर? फिक्स काच उघडणाऱ्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि प्रत्येक पल्ला उघडायची गरज नसतेच. खास रंगाऐवजी स्टॉकमधला रंग घेतला तर? जुनं ॲल्युमिनियम किंवा चांगलं लाकूड निघणार असेल तर ते कोण नेणार आणि त्याचे किती वजा होणार? असं बोललं की समोरचा पण मोकळेपणाने बोलतो, त्याला पण चांगलं काम करून पैसे मिळवायचे असतात.

पैसे आणि वॉरंटी

वॉरंटी १० वर्षं असं एका ओळीत लिहिलं असेल तर ते अपुरं आहे. सेक्शनची वेगळी, डबल ग्लासच्या सीलची वेगळी, रोलर-लॉकची वेगळी, आणि फिटिंगची वेगळी असते. पहिल्या तीन बहुतेक कंपनीच्या असतात, शेवटची बसवणाऱ्याची, आणि बहुतेक तक्रारी फिटिंगच्याच निघतात, म्हणून पाणी गळालं तर कोण येणार आणि किती दिवसांत येणार हे त्याच्या अक्षरात घ्या. जुन्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडे जाऊन बघा, पण कालच काम झालेल्यांकडे नको, तीन-चार वर्षं झालेल्यांकडे जा, पल्ला स्वतः सरकवून बघा.

ॲडव्हान्स द्यावाच लागतो, कारण माल तुमच्या मापाचा बनतो आणि दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. पण सगळे आधी देऊ नका. एक हिस्सा ऑर्डरला, एक माल घरी आल्यावर आणि तुम्ही काच, सेक्शन, लॉक कोटेशनशी जुळवून बघितल्यावर, एक फिटिंगनंतर, आणि शेवटचे दहा टक्के पाण्याची टेस्ट झाल्यावर. ही शेवटची अट आधीच कागदावर असू द्या, काम संपल्यावर सांगितली तर भांडण होतं. टेस्ट म्हणजे बागेचा पाइप घ्यायचा, एक जण बाहेर, एक जण आत कोरडा कागद घेऊन. खालच्या सिलपासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं, प्रत्येक भागावर चार-पाच मिनिटं, म्हणजे पाणी आलं तर नक्की कुठून आलं ते कळतं. वरून सुरुवात केली की सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. आमच्याकडे चौथ्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कागद ओला झाला. कारागिराने त्याच दिवशी तिथलं सिलिकॉन खरवडून काढलं, जागा वाळू दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं, दोन दिवसांनी पुन्हा पाणी मारलं, कागद कोरडा राहिला, आणि मग त्याचे राहिलेले दहा टक्के त्याच्या हातात दिले.